टोमॅटो, रोप न करता: 12 बाय 10 च्या वाफ्याच्या नोंदी

22 सप्टेंबर 2024, रविवार

वाईच्या पुढं, धोम धरणाच्या बाजूला आमचं घर. मागं दीड गुंठ्याचं परस. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं दरवर्षी टोमॅटोची दोन-तीन झाडं आपसूक येतात. कुणी पेरत नाही, कुणी खत घालत नाही. मी मात्र गेली तीन वर्षं रोपवाटिकेतून रोपं आणते, लावते, आठवडाभर माना टाकून पडलेली बघते आणि शेवटी मोरीवरच्या झाडाचेच टोमॅटो जास्त खाते.

म्हणून यंदा रोप करायचं नाही आणि आणायचंही नाही. भुईमूग टोकतो तसं बी थेट जागेवर टोकायचं.

शेजारचे तात्या तीस गुंठे टोमॅटो करतात, तारकाठीवर, ठिबकवर. त्यांना सांगितलं तर हसले. "बाई, संकरित बियाचा भाव म्हाईतंय का? एकेक बी मोजून ट्रेमध्ये टाकतो आम्ही. तुम्ही मातीत फेकणार?" त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे. मी संकरित घेतलेलंच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा धनश्री हा सरळ वाण घेतला, 10 ग्रॅमची पुडी 90 रुपयांना. ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात. म्हणजे माझ्याकडं वाया घालवायला भरपूर आहे असं मी तात्यांना म्हणाले. हे वाक्य पुढं मला बरंच महाग पडलं.

वाफा 12 बाय 10 फुटांचा. माती मध्यम काळी. कुदळीनं वीतभर खणली, शेणखताची पाच पोती (250 रुपये) मिसळली. दोन संध्याकाळी आणि आजचा अर्धा दिवस गेला. कंबर गेली ती वेगळी.

29 सप्टेंबर

पेरणी झाली. दोरी लावून अडीच फुटांवर चार ओळी आखल्या, खुरप्याच्या टोकानं चर ओढले, एक पेर खोल. बी चिमटीनं सोडत गेले, माती ओढली, झारीनं पाणी दिलं. साधारण ग्रॅमभर बी गेलं. दीड तासात काम संपलं म्हणून स्वतःवर खूश.

रात्री दहाला पाऊस आला, तासभर धो धो.

5 ऑक्टोबर

सहा दिवस झाले, काही नाही. वरची माती वाळून तिला खपली धरलीय, खापरासारखी. काल झारीनं पाणी घातलं तर ते वरच्यावर वाहून कडेला गेलं.

आत देवघरात परवा घट बसले. सासूबाईंनी परसातलीच माती चाळून पत्रावळीत पसरली, त्यात सप्तधान्य मिसळलं, वर मातीचा घट ठेवला. दोन दिवसांत गव्हानं पांढरे कोंब काढलेत. माती तीच आणि गावही तेच. मी रोज सकाळी आधी देवघर बघते, मग वाफा, मग चहा घेते. चहा कडू लागतो.

9 ऑक्टोबर

दहा दिवसांत 17 रोपं. तीनशेपैकी सतरा. आणि ती सगळी एकाच कोपऱ्यात, हातभर जागेत. बाकी वाफा रिकामा.

आज शाळेतून आल्यावर खुरप्यानं खपली उचलून बघितली. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली: बी उगवलं होतं. खपलीच्या खाली पांढरे कोंब वळून, गुंडाळी होऊन मेलेले. वर यायला जोरच नव्हता. एक पेर खोली गव्हाला चालते, टोमॅटोच्या बियाला नाही. त्याला अर्धं पेर बस झालं.

दुसरी: निम्म्या लांबीत बीच नव्हतं. वाफ्याच्या कडेला लाल मुंग्यांचं वारूळ, आणि त्याच्या तोंडाशी टोमॅटोच्या बारीक लवेच्या बिया. मी पेरलं, त्यांनी भरून ठेवलं.

तिसरी, आणि हीच खरी कामाची: ज्या कोपऱ्यात 17 उगवली, तिथं पेरणीच्या आधी शेणखताची पोती ओतली होती. सगळीकडं पसरलं तरी तिथं जास्त राहिलं. तिथली माती बोटानं उकरता येते. खपली धरलीच नाही.

मोरीजवळचं कोडं पण इथंच सुटलं. तिथं रोज खरकटं, राख, भाजीची देठं पडून माती काळी भुसभुशीत झालीय, आणि पाणी वरून ओतलं जात नाही, बाजूनं झिरपतं. घटातही तेच होतं, पाणी घटातून पाझरून मातीत जातं. मी वाफ्यात नेमकं उलट केलं: जड माती, खोल बी आणि वरून पाणी.

तात्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

13 ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

दुसरी पेरणी. या वेळी काय बदललं ते नीट लिहिते, कारण कुणी करणार असेल तर इथूनच सुरुवात करावी.

ओळीनं बी सोडलं नाही. दोन फुटांवर एक, अशी 24 ठिकाणं केली (चार ओळी, ओळीत सहा). प्रत्येक ठिकाणी वीतभर रुंद खड्डा, त्यात माती आणि चाळलेलं शेणखत निम्मं निम्मं. खत चाळायला घरातली पिठाची चाळणी घेतली. ते सासूबाईंनी बघितलं. चाळणी आता परसाची झाली आणि घरात नवीन आली, 150 रुपये.

पाणी आधी दिलं, काल सकाळी, भरपूर. आज दुपारी वाफसा आला: मुठीत धरल्यावर गोळा होतो, बोटानं दाबल्यावर फुटतो. तेव्हाच टोकलं. पेरल्यावर वरून पाणी द्यायचंच नाही, म्हणजे खपलीचा प्रश्न येत नाही. पाऊस पडला नाही तर.

ठिकाणाला पाच बिया, एकमेकींपासून बोटभर लांब. म्हणजे 120 बिया. वरून माती नाही, नुसतं चाळलेलं खत, अर्धं पेर. त्यावर ओलं गोणपाट. घटातली माती काल विसर्जनानंतर तुळशीत टाकायची होती, त्यातली ओंजळभर सासूबाईंनी पहिल्या खड्ड्यात टाकली.

मुंग्यांचं सासूबाईंनीच बघितलं. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला, वारुळाच्या वाटेवर, मूठभर रवा. "त्यांना खायला मिळालं की तुझ्या बियाला कशाला हात लावतील?" मी राखेची रेघ पण ओढली. रव्यामुळं झालं की राखेमुळं ते कळायला मार्ग नाही, पण या खेपेला बी गेलं नाही.

पहिल्या पेरणीतल्या 17 मधलं एक दांडगं रोप जागेवर ठेवलं, बाकीची उपटली. शिवाय तात्यांकडून संकरित वाणाची, पंचवीस दिवसांची 10 रोपं आणली, रुपयाला दोन नव्हेत, दोन रुपयाला एक. शेजारच्या पट्ट्यात लावली. तुलनाही होईल आणि हे सगळं फसलं तर टोमॅटोही मिळतील.

19 ऑक्टोबर

परतीचा पाऊस संपता संपत नाही. परवा आणि काल दोन्ही दिवस झोडपलं. गोणपाटानं खत वाहून जाण्यापासून वाचवलं, हे त्याचं मोठं काम.

आज संध्याकाळी गोणपाट उचललं आणि कपाळाला हात लावला. बी उगवलंय, बहुतेक काल सकाळीच. पण अंधारात एक दिवस जास्त राहिल्यानं रोपं पिवळट, लांबुडकी झालीत, आणि सात-आठ तागाच्या विणीत घुसून बसलेली. गोणपाट ओढताना ती तुटली. काल पाऊस होता म्हणून मी बघायलाच गेले नव्हते. पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उचलून बघायला पाहिजे, आणि पहिला कोंब दिसला की गोणपाट काढायचंच, बाकीच्यांची वाट बघायची नाही.

24 ऑक्टोबर

मोजणी: 24 पैकी 22 ठिकाणी उगवण, एकूण 71 रोपं. तीनशेतून 17 वरून 120 तून 71.

तात्या स्वतः येऊन बघून गेले. "हं," म्हणाले. तात्यांकडून 'हं' मिळणं सोपं नाही.

तिकडं आणलेल्या 10 रोपांपैकी एक मेलं. नऊ जगली, पण अकरा दिवसांत एकही नवीन पान नाही. नुसती उभी.

27 ऑक्टोबर

रोपं कोलमडायला लागली. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं. बुडाशी देठ पाण्यात भिजवलेल्या दोऱ्यासारखा. तीन दिवसांत 19 गेली.

चूक सरळ माझीच. पावसानं माती आधीच ओली होती, तरी मी रोज संध्याकाळी झारी फिरवत होते, माया म्हणून. रात्रभर बूड ओलं राहिलं. शिवाय पेरताना बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, भुकटीत मिळते) चोळायचं राहून गेलं. पाकीट आणू आणू म्हणत आणलंच नव्हतं. आज आणलं, किलोचं 180 रुपयांना. त्याहून लहान दुकानात नव्हतं. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम कालवून प्रत्येक बुडाशी कपभर ओतलं. पाणी बंद. पुढचं पाणी माती वरून पांढरी पडल्यावर, आणि सकाळीच.

31 ऑक्टोबर

कोलमडणं थांबलं. ट्रायकोडर्मामुळं की पाणी तोडल्यामुळं, सांगता यायचं नाही. दोन्ही एकदम केलं. मला विचाराल तर पाणी.

2 नोव्हेंबर, पाडवा

सकाळी अभ्यंगस्नान, ओवाळणी वगैरे उरकून वाफ्याकडं गेले तर चार रोपं कात्रीनं कापल्यासारखी. शेंडा तिथंच पडलेला, खाल्लेलाही नाही. काल तीन गेली होती, ती मी चिमण्यांच्या नावावर घातली होती.

रात्री फराळाचं ताट घेऊन पाहुणे बसलेले असताना मी टॉर्च घेऊन परसात. कापलेल्या रोपाच्या बुडाशी माती उकरली की मातकट, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या जाडीची अळी, हात लावला की वेटोळं करते. रोपं कुरतडणारी अळी ती हीच. पाच सापडल्या, साबणाच्या पाण्यात टाकल्या. दिवसा ती मातीत ढेकळाखाली असते, म्हणून मला दिसत नव्हती.

चहाचे कागदी कप पाहुण्यांमुळं घरात होतेच. बूड कापून प्रत्येक रोपाभोवती गळपट्टा केला, बोटभर मातीत दाबून. त्यानंतर एकही रोप कापलं गेलं नाही. आत्तापर्यंतचा सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय हाच. पण उगवल्याबरोबर करायला हवा होता. सात रोपं वाचली असती.

रोपवाटिकेच्या रोपांना अळीनं हात लावला नाही. त्यांचे देठ तोवर जून झालेले. ट्रेमध्ये, जाळीखाली रोपाचे पहिले पंचवीस दिवस सुखात जातात, तेच दिवस इथं उघड्यावर काढायचे आहेत. जागेवर बी टोकण्याची खरी किंमत ही आहे.

10 नोव्हेंबर

विरळणी. 19 ठिकाणी मिळून 45 रोपं उरली आहेत. प्रत्येक ठिकाणी एकच ठेवायचं.

मी कालपासून टाळत होते. सासूबाई शेजारी उभ्या. "अगं, चांगली जितीजागती उपटतेस?" मग मी कात्रीची कल्पना काढली: उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात, म्हणून बुडाशी कापायचं. त्यांना ते आणखीनच वाईट वाटलं. शेवटी तडजोड झाली. आठ रोपं खुरप्यानं मातीसकट उचलून दुसरीकडं लावली, पाच रिकाम्या ठिकाणी नांग्या भरल्या, तीन कडेला. बाकी 18 कापली.

ही तडजोड पुढं माझ्या फार उपयोगी पडली. आता एकाच पुडीची, एकाच दिवशी टोकलेली दोन प्रकारची झाडं झाली: न हललेली आणि हललेली. तात्यांच्या संकरित रोपांशी तुलना करणं तसं खोटंच होतं, वाणच वेगळा.

21 नोव्हेंबर

पहिल्या पेरणीतलं ते एकुलतं दांडगं रोप, गुडघाभर झालेलं, शेळीनं खाल्लं. कुणाची शेळी ते माहीत आहे. बोलण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडून आपण ताक आणतो. कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावल्या.

24 नोव्हेंबर

हललेल्या आठांपैकी सहा जगली. दुपारी कोमेजणं, सकाळी उभं राहणं असे नऊ दिवस गेले. तेवढ्यात न हललेली दीड वीत झाली. बघून विश्वास बसत नाही की बी एकाच दिवसाचं आहे.

बुडाला मातीची भर दिली आणि वाळलेल्या गवताचं आच्छादन केलं. पाणी आता पाच दिवसांनी एकदा.

पांढरी माशी दिसतेय. पान हलवलं की पिठासारखी उडते. पहिल्या महिन्यात मी वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणली होती (वर लिहायचं राहिलं), ती बघून तात्या म्हणाले होते, "यातनं डास अडतील बाई, माशी न्हाई." पांढऱ्या माशीला 40 मेशची, म्हणजे इंचाला 40 छिद्रांची बारीक जाळी लागते. मी ऐकलं नाही. पिवळे चिकट सापळे आणले, दहाचे 120 रुपये. दोन दिवसांत सापळे काळे झाले, म्हणजे माशी होती केवढी.

8 डिसेंबर

तीन झाडांची शेंड्याची पानं आखडून वर वळली, बारीक पिवळट झाली. बोकड्या. हा विषाणू माशीनं येतो आणि आला की औषध नाही. आठवडाभर मी "थंडीनं असेल" म्हणत राहिले. तो आठवडा माशीनं सत्कारणी लावला असणार. आज तिन्ही मुळासकट काढून जाळली. 16 उरली. बाकीच्यांवर निंबोळी अर्क (130 रुपयांची बाटली), आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर.

विशेष म्हणजे संकरित नऊ झाडांत एकही नाही. वाणाचा गुण असेल, जाळीतल्या बालपणाचा असेल.

बांबूच्या कामट्या ठोकल्या, 24 नग, 360 रुपये, आणि सुतळी 60 ची. हे काम महिन्याभरापूर्वी, झाडं लहान असताना करायचं असतं. आता ठोकताना एका झाडाच्या सोटमुळाशेजारीच कामटी गेली, चार दिवसांनी ते झाड वाळलं. 15. बी टोकायच्या दिवशीच प्रत्येक ठिकाणी कामटी रोवून ठेवावी. पेरलेली जागाही कळते, मुळालाही धक्का नाही.

बगलफूट काढायला सुरुवात. दोन फांद्या ठेवून बाकीच्या खुडायच्या. हात हिरवे काळे होतात, साबणानं जात नाहीत. शाळेत एका पोरानं विचारलं, "बाई, मेंदी का?"

15 डिसेंबर

पहिली फुलं. टोकल्यापासून 63 दिवस. संकरित झाडांवर हिरवी फळं लगडलेली आहेत.

29 डिसेंबर

कडाक्याची थंडी. निम्मी फुलं गळली. हे सगळ्यांच्यात सारखंच: टोकलेल्या, हललेल्या, संकरित. रात्री फार गार असल्या की टोमॅटो फळ धरत नाही, त्यात पेरणीच्या पद्धतीचा संबंध नाही. पण पहिली पेरणी फसली नसती तर ही फुलं पंधरा दिवस आधी, उबेत आली असती. त्या खपलीचं व्याज अजून भरतेय.

14 जानेवारी 2025, संक्रांत

संकरित झाडांचा पहिला पिकलेला टोमॅटो 7 तारखेला निघाला. भोगीच्या भाजीला वाफ्यातले घालायचे असं मी ऑक्टोबरात जाहीर केलं होतं. काल भोगीला तात्यांच्या रोपांचेच घातले. वांगी, गाजर, घेवडा, हरभरा सगळं होतं, सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त असतं.

23 जानेवारी

लग्नासाठी आठ दिवस कराडला. पाणी घालायला सांगितलेला मुलगा आला नाही. परत आलो तर संकरित झाडं भरदुपारी मान टाकून, खालची पानं पिवळी. हललेली सहा तशीच. टोकलेली 15 मात्र उभी. पानं थोडी मलूल, बाकी काही नाही. गेल्या चार महिन्यांत या प्रकल्पानं मला एवढी एकच गोष्ट दिली असती तरी मी पुन्हा टोकलं असतं.

घाबरून मी एकदम भरपूर पाणी सोडलं. तेही चुकलं. कोरड्यावर एकदम पाणी मिळाल्यानं संकरित झाडांवरचे पिकायला आलेले टोमॅटो तडकले, दोनेक किलो. चटणी केली. काही फळांचं बूड आधीच काळं चामड्यासारखं झालेलं होतं. पाणी कमी-जास्त झालं की झाडाला चुना उचलता येत नाही, त्यातून ते होतं. ती फेकली.

28 जानेवारी

टोकलेल्या झाडाचा पहिला पिकलेला टोमॅटो. 107 दिवस. मीठ लावून तिथंच उभ्यानं खाल्ला, निम्मा सासूबाईंना दिला. "आंबट आहे," म्हणाल्या. आणि दुसरा कुठं आहे विचारलं.

8 फेब्रुवारी

हललेल्या झाडाचा पहिला. म्हणजे त्याच बियाला जागा बदलल्यानं अकरा दिवस उशीर. अर्थात मी रोपं खुरप्यानं, ढेकळासकट कशीबशी उचलली होती. ट्रेमधलं रोप कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) गड्ड्यासकट निघतं, ते एवढं रुसत नसणार. तरी संकरित रोपं ऑक्टोबरात अकरा दिवस गप्प होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फळ पोखरणारी अळी आली, पण थोडी. भोकाची फळं तोडून पुरली, हातानं अळ्या वेचल्या. कडेला झेंडू लावायला हवा होता. झेंडूचं बी दसऱ्याच्या फुलांचं घरात पडून होतं.

2 मार्च

झाडं आता थकली. आजवरची तोडणी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून:

टोकलेली 15 झाडं: 27.5 किलो.
हललेली 6: 8 किलो. त्यातलं एक करप्यानं लवकर गेलं.
संकरित 9: 24 किलो, तडकलेले धरून.

झाडामागं बघितलं तर संकरित पुढंच आहे, आणि चांगलंच पुढं. ते मान्य. पण टोकलेल्या झाडांचे साडेसत्तावीस किलो मी एवढ्या चुका करून काढले.

खर्च: बी 90, शेणखत 250, चाळणी 150, रोपं 20, ट्रायकोडर्मा 180, सापळे 120, निंबोळी अर्क 130, कामट्या 360, सुतळी 60. एकूण 1360 रुपये. 59.5 किलोला भागलं तर किलो जवळजवळ 23 रुपयांना पडला. आज वाईच्या बाजारात 15 रुपये किलो आहे. तात्यांना कॅरेटमागं काय मिळतंय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी अर्धं रान तसंच सोडलंय.

कामट्या आणि उरलेलं ट्रायकोडर्मा पुढच्या वर्षी चालतील असं म्हणणार होते, पण ट्रायकोडर्माच्या पाकिटावर मुदत आहे, ती ऑगस्टात संपते. कामट्या चालतील.

9 मार्च

दोन झाडं खणून बघितली, एक टोकलेलं, एक हललेलं. हललेल्याच्या मुळांचा झुपका, फूटभर खोलीत सगळं संपलं. टोकलेल्याचं सोटमूळ सरळ खाली. सव्वादोन फुटांपर्यंत खणत गेले, तिथं मुरूम लागला, मूळ त्यातही शिरलेलं. कुदळीनं तुटलं, पुढं किती होतं माहीत नाही. जानेवारीतल्या आठ दिवसांचं उत्तर त्या खड्ड्यात होतं.

तात्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी मूळ हातात घेतलं, टोक बघितलं आणि विचारलं, "बी ठेवलंय का?"

16 मार्च

बी धरलं. सगळ्यात निरोगी दोन झाडांचे पूर्ण पिकलेले सहा टोमॅटो चिरून गर काचेच्या ग्लासात काढला, तीन दिवस झाकून ठेवला. वर बुरशीची साय आली, वास येतो, स्वयंपाकघरात ठेवू नका. मग पाणी घालून हलवलं की चांगलं बी तळाला बसतं, फोलपट वर तरंगतं. चार वेळा धुतलं.

वाळवायला वर्तमानपत्रावर पसरलं, ही या नोंदींतली शेवटची चूक. बी कागदाला असं चिकटलं की नखानं खरवडून काढताना निम्म्याला कागदाचे कपटे आले. स्टीलच्या ताटात वाळवायचं असतं. कपट्यांसकट राखेत घोळून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं, एक पुडी तात्यांना.

पुढच्या खेपेला: टोकण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वर पावसापासून आडोसा. कामटी आधी. बियाला ट्रायकोडर्मा. उगवल्या दिवशी कप. 40 मेशची जाळी, मच्छरदाणी नव्हे. ठिकाणाला पाचाऐवजी तीन बिया पुरतील.

मोरीजवळ यंदा चार झाडं आली होती. त्यांचे टोमॅटो मी मोजले नाहीत.